मळीत पंधरा दिवस

उद्यमबागेतल्या बंद कारखान्यातून शेपर आणला
तो वजनावर. किलोला अठ्ठावीस रुपये.
मोटर गेलेली, वाइसचा एक जबडा गेलेला.
मक्तुमसाब म्हणाले, "जबडा मिळंल की,
खरं एवढं बीड उतरवणार कुठं?"
चेनपुली, सहा माणसं, एक टेम्पो
आणि वडगावात आमच्या दारातल्या तीन फरश्या.
कुमुदनं फुटलेल्या फरश्या मोजल्या.
मशीनकडे तिनं त्या दिवशी पाहिलं नाही.

सुटे भाग मळीत टाकले:
हँडल, दातेरी चाकं, गिबच्या पट्ट्या.
मळी हुक्केरीकडच्या ओळखीतून, दोन कॅन;
एकास नऊ पाणी, निळ्या पिंपात, झाकण अर्धवट.
चौथ्या दिवशी फेस आला, सातव्या दिवशी मुंग्या,
नवव्या दिवशी समोरचे इराण्णा माग थांबवून आले,
"काय हो, गाळताय काय?"
पंधराव्या दिवशी कोपरापर्यंत हात घातला.
चाक वर आलं ते राखाडी, निथळतं,
दातन् दात मोजता येईल असं.
गंज उसाच्या मळीनं जातो, हे मला
बँकेतल्या एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

अंगावरचा रंग मात्र खरवडावा लागला.
वर राखाडी, खाली दवाखान्याच्या दारांचा हिरवा,
त्याखाली रेडऑक्साइड, त्याखाली लांबी, भाकरीएवढी,
आणि लांबीखाली ओतकामाची भोकं, कुणीतरी झाकलेली.
हिरव्या थरात एक सात सापडला, मशीनचा नंबर.
त्याच थरात, चार बोटं खाली, कानडी सात.
आधी कुठला, हे थिनरनं सांगितलं नाही.
दोन्ही निघून आले चिंधीवर,
एकच हिरवा डाग.

मग बेडच्या पोटात, जिथं रंगारी पोचत नाही,
बॅटरी धरली तेव्हा दिसला: अंगठा.
साच्याची कड ढासळली असणार.
कुणी ओली वाळू दाबून बसवली
आणि वरून रस सोडला.
वाळूत खोल जातं ते लोखंडात उठून येतं.
बाबा मोल्डर होते. दुसऱ्या फौंड्रीत, पुष्कळ नंतर.
हा अंगठा त्यांचा नाही, सालंच जुळत नाहीत.
तरी मी माझा टेकवून पाहिला.
बसला नाही. उठावावर उठाव बसत नाही.
तेवढ्या जागी मी रंग लावला नाही.

स्क्रेपिंगला मक्तुमसाब रविवारी यायचे,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
प्लेटला निळा लावायचा, घासायचा, उचलायचा;
जिथं निळा लागला तिथं लोखंड उंच.
तेवढंच खरवडायचं, केसाहून कमी.
इंचात बारा ठिपके हवेत, त्याखाली ते मानत नाहीत.
मोजायचे पुटपुटत: ओंदु, एरडु, मूरु...
एकदा त्यांना खोकला आला आठावर
आणि पुढं मीच म्हणालो, ओंबत्तु, हत्तु.
थांबलो. दहाच भरले होते.
"परत," ते म्हणाले.

दिवाळीआधी मोटर बसली.
रॅम पुढं जातो सावकाश, कापत;
मागं येतो घाईत, रिकामा.
पहिलं काम इराण्णांचं, मागाच्या चाकात चावीचा गाळा.
स्टीलसारखी सळ निघत नाही बिडाची,
काळा भुगा पडतो, बारीक, जरा गरम.
नखांत बसला. धुतला, तरी बसला.
बाबांचे हात जेवताना असे दिसायचे
आणि मी दुसऱ्या पाटावर सरकायचो.

इराण्णा पैसे विचारत होते, मी काही बोललो नाही.
कुमुद झाडू घेऊन नव्या फरशीवर उभी,
एकदा मशीनकडे, एकदा भुग्याकडे बघत.
"हे टाकायचं," ती म्हणाली, "का ठेवायचंय?"